एडिसनने साठवलेली वीज

१८६७ साल. अमेरिकेतील लुइव्हिल शहरातल्या एका तार कार्यालयात वीस वर्षांचा एक तरुण रात्रपाळीला होता. रात्रपाळी त्याने मुद्दाम मागून घेतली होती. तारा कमी येतात, साहेब नसतात आणि वाचायला व प्रयोग करायला निवांत वेळ मिळतो, एवढाच त्यामागचा हेतू. त्या रात्री तो शिशाच्या बॅटरीशी काही खटपट करीत बसला होता. हातून सल्फ्युरिक ॲसिड सांडले, फळ्यांच्या फटींतून खाली झिरपले आणि थेट खालच्या मजल्यावरील साहेबांच्या टेबलावर टपकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तरुणाच्या हातात नारळ मिळाला.

त्या तरुणाचे नाव थॉमस अल्वा एडिसन.

एडिसन म्हटले की आपल्याला विजेचा दिवा आठवतो, ग्रामोफोन आठवतो, चलच्चित्रे आठवतात. शाळेच्या पुस्तकांतून हे सारे आपण शिकलो. परंतु या माणसाने आपल्या आयुष्याची ऐन उमेद सरल्यावरची तब्बल दहा वर्षे ज्या एका वस्तूसाठी खर्च केली, ती वस्तू मात्र फारशी कुणाच्या लक्षात नाही. ती म्हणजे बॅटरी. आज घरोघरी छपरांवर सौरपट्ट्या चढत आहेत आणि दिवसा मिळालेली वीज रात्रीसाठी कशात साठवावी, शिशाची बॅटरी घ्यावी की लिथियमची, असा प्रश्न मध्यमवर्गीय घरांत जेवणाच्या ताटावर चर्चिला जात आहे. नेमका हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एडिसनला पडला होता. त्याच्या आयुष्याची ही बाजू म्हणूनच आज आठवण्यासारखी आहे.

आगगाडीतला पोऱ्या

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी ओहायो राज्यातील मिलान या लहानशा गावी झाला. सात भावंडांत तो धाकटा. पुढे कुटुंब मिशिगनमधील पोर्ट ह्युरॉन येथे आले. शाळेत त्याचे काही जमले नाही. आई नॅन्सी पूर्वाश्रमीची शिक्षिका, तिने मुलाला घरीच शिकवले. बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. ऐकू कमी येऊ लागले तेही याच वयात. पुढे तो तारयंत्र शिकला आणि गावोगाव नोकऱ्या करीत हिंडला.

त्या काळी तारयंत्रे चालत ती बॅटऱ्यांवर. काचेच्या बरण्या, त्यांत धातूच्या पट्ट्या आणि आम्ल किंवा क्षारांचे पाणी. तार कार्यालयाच्या एखाद्या खोलीत अशा बरण्यांच्या रांगा लागलेल्या असत. त्यांची देखभाल करता करताच हा मुलगा विजेशी परिचित झाला. एडिसनचा विजेचा पहिला गुरू बॅटरीच होती, असे म्हटले तर वावगे ठरू नये. लुइव्हिलची नोकरी त्या गुरूनेच घालवली, ही गोष्ट निराळी!

१८७६ मध्ये न्यू जर्सीतील मेन्लो पार्क येथे त्याने स्वतःची प्रयोगशाळा थाटली. १८७७ मध्ये ग्रामोफोनचा पूर्वज असलेला फोनोग्राफ आला. १८७९ मध्ये दिवा आला. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील त्याचे वीजकेंद्र सुरू झाले. ही वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डी. सी. होती. ती दूरवर नेणे परवडत नसे. म्हणून दूरवर जाणाऱ्या ए. सी. विजेने पुढे बाजी मारली आणि एडिसनचा पक्ष हरला. १८९२ मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक जन्माला आली, तेव्हा नावातून एडिसन हा शब्दही गळाला.

पण डी. सी. विजेचा एक गुण मात्र कुणाला हिरावून घेता आला नाही. बॅटरीत साठते ती हीच वीज. आजही सौरपट्टीतून निघते ती डी. सी. आणि बॅटरीत जाते तीही डी. सी. आपल्या पंख्यांना व फ्रिजला चालावी म्हणून इन्व्हर्टर तिची ए. सी. करून देतो.

बावन्नाव्या वर्षी नवा डाव

गंमत अशी, की १८८३ च्या सुमारास याच एडिसनने साठवणीच्या बॅटऱ्यांना उघडउघड नावे ठेवली होती. हा धंदा म्हणजे भागधारकांना गंडवण्याची युक्ती आहे, असे त्याचे मत होते. त्याला कारणही होते. फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्ते याने १८५९ मध्ये शोधलेली शिशाची बॅटरी जड होती. आतले आम्ल कशालाही खाऊन टाकी. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर पत्र्यांवर पांढरा थर धरे आणि ती निकामी होई. घरी इन्व्हर्टर असलेल्या कुणालाही या तक्रारी ओळखीच्या वाटतील.

१८९० चे दशक एडिसनला फार वाईट गेले. न्यू जर्सीच्या डोंगरांत हलक्या प्रतीच्या दगडांतून चुंबकाने लोखंड वेगळे करण्याचा प्रचंड कारखाना त्याने काढला. तेवढ्यात दुसरीकडे उत्तम प्रतीचे स्वस्त लोहखनिज सापडले आणि सगळे मुसळ केरात गेले. दिव्यावर मिळवलेले धन खाणीत गेले. अशा वेळी बावन्न वर्षांचा माणूस काय करील? उरलेसुरले सांभाळून स्वस्थ बसेल. एडिसनने १८९९ मध्ये बॅटरीचे काम हाती घेतले.

मोटारगाड्यांचा तो उदयकाळ होता. अमेरिकेत तेव्हा पेट्रोलच्या गाड्यांहून वाफेच्या व विजेच्या गाड्या अधिक बनत होत्या. हलकी आणि टिकाऊ बॅटरी मिळाली, तर रस्त्यावर विजेच्या गाडीचेच राज्य होईल, असा एडिसनचा हिशेब होता. त्याने शिसे आणि आम्ल दोन्ही बाद केले. आम्लाऐवजी अल्कली घ्यायचे ठरले. अल्कलीत लोखंड गंजत नाही, त्यामुळे पेटीही पोलादाची करता येते. प्रश्न होता तो आत कोणते दोन पदार्थ वापरायचे याचा.

त्यानंतर सुरू झाली ती प्रयोगांची अखंड माळ. हजारो प्रयोग विफल झालेले पाहून एका जुन्या सहकाऱ्याने हळहळ व्यक्त केली. तेव्हा एडिसनने त्याला सांगितले, की फळ मिळाले नाही असे कसे म्हणता, काय चालत नाही हे आता हजारो परींनी कळले आहे. ही गोष्ट आपण भाषणांतून नेहमी ऐकतो, पण ती दिव्याच्या नावावर खपवली जाते. त्याच्या सहकाऱ्याने सांगून ठेवलेली मूळ हकीकत बॅटरीची आहे.

अखेर जोडी जमली ती निकेल आणि लोखंड यांची. येथे एक नाव आदराने घ्यायला हवे. स्वीडनचा वाल्डेमार युंगनर हा संशोधकही त्याच वाटेवर होता. निकेल-कॅडमियम बॅटरी त्याचीच, आणि निकेल-लोखंडाची जोडीही त्याने अजमावली होती. दोघांत पेटंटांवरून खटले झाले. एडिसनपाशी पैसा व वकील होते. युंगनरची लहानशी कंपनी त्यात मेटाकुटीला आली. थोर माणसाच्या चरित्रातली ही बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे.

परत घेतलेला माल

१९०१ मध्ये कंपनी स्थापन झाली. दोनएक वर्षांत नवी बॅटरी बाजारात आली आणि तिचा मोठा गाजावाजा झाला. वर्तमानपत्रांनी शिशाच्या बॅटरीचे दिवस भरले असे जाहीर करून टाकले. मागणी वाढली. कारखाना भरभराटीला आला.

आणि मग तक्रारी येऊ लागल्या. काही पेट्यांचे सांधे पाझरत होते. काहींची ताकद काही महिन्यांतच घटत होती. साऱ्याच बॅटऱ्या वाईट होत्या असे नाही. कित्येक गिऱ्हाइके समाधानी होती. चार दुरुस्त्या करून धंदा चालू ठेवता आला असता.

एडिसनने १९०४ च्या अखेरीस कारखाना बंद केला. विकलेल्या सदोष बॅटऱ्या पदरचे पैसे मोजून परत घेतल्या. ज्याने एका डावात आधीच फटका खाल्ला आहे, अशा माणसाचा हा निर्णय होता. सहकाऱ्यांना तो पटला नाही. पण आपले नाव ज्या वस्तूवर आहे ती चार महिन्यांत दम टाकते, ही गोष्ट त्याला सहन होण्यासारखी नव्हती.

पुढची पाच वर्षे पुन्हा प्रयोग. फोनोग्राफ आणि चित्रपटांच्या धंद्यातून मिळणारा पैसा बॅटरीच्या तोंडी पडत होता. पत्नी मीना ग्लेनमाँटच्या घरी जेवण घेऊन वाट पाही आणि नवरा प्रयोगशाळेतच बाकावर नाहीतर टेबलावर डोळा लावी. बॅटऱ्या घातलेल्या गाड्या खडबडीत रस्त्यांवरून मुद्दाम पळवल्या गेल्या. पेट्या तासन् तास आदळत ठेवणारी यंत्रे बसवली गेली.

दोष सापडला तो निकेलच्या बाजूला. निकेलच्या संयुगातून वीज नीट वाहत नव्हती. आधी त्यात ग्राफाइट मिसळत, पण ते हळूहळू झिजून जाई. एडिसनने त्याऐवजी निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे तयार केले. तांबे व निकेल यांचे थर आळीपाळीने चढवायचे, मग तांबे विरघळवून टाकायचे. उरतात ते निकेलचे पापुद्रे. हे पापुद्रे आणि निकेलचे संयुग थरावर थर रचून छिद्रांच्या पोलादी नळ्यांत ठासून भरले. दुसऱ्या बाजूला लोखंड. मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे पाणी. त्यात त्याने थोडे लिथियम हायड्रॉक्साइडही घातले, कारण त्याने बॅटरीची ताकद वाढते असे दिसून आले. आज ज्या लिथियमच्या नावाने बाजार गाजतो आहे, ते चिमूटभर का होईना, एडिसनच्या बॅटरीत तेव्हाच होते!

१९०९ मध्ये नवी बॅटरी सिद्ध झाली. एडिसन बासष्ट वर्षांचा होता.

उशीर झाला, पण...

बॅटरी उत्तम होती. पूर्ण उतरवा, जास्त भरा, महिनोन् महिने पडू द्या, तिला फारसे काही होत नसे. एकदा घेतली की वीस-वीस, तीस-तीस वर्षे चाले. पण ती महाग होती, थंडीत सुस्तावत असे आणि एकदम मोठा प्रवाह देण्यात कमी पडे. शिवाय जिच्यासाठी हा सारा आटापिटा, ती विजेची गाडीच मागे पडत चालली होती. १९०८ मध्ये हेन्री फोर्डची स्वस्त पेट्रोल गाडी आली. १९१२ मध्ये कॅडिलॅकच्या गाडीत विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याची कटकट संपली. त्या स्टार्टरला क्षणभर जोराचा प्रवाह लागतो. तो देणारी बॅटरी होती शिशाची! जिला हद्दपार करायला एडिसन निघाला होता, ती शिशाची बॅटरी प्रत्येक गाडीत ठाण मांडून बसली.

तरीही निकेल-लोखंडाची बॅटरी वाया गेली नाही. रेल्वेच्या डब्यांतले दिवे, सिग्नल, कारखान्यांतल्या मालवाहू गाड्या, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे यांसाठी ती वर्षानुवर्षे खपली. एडिसनच्या उत्तरायुष्यातला तो एक मोठा किफायतशीर धंदा ठरला.

१९१२ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट करून दाखवली. वेस्ट ऑरेंजमध्ये त्याने बाहेरून विजेची तार न घेता चालणारे एक घर लोकांपुढे मांडले. तळघरात सत्तावीस घटांची बॅटरी, ती भरायला इंधनावर चालणारा लहान जनित्र. त्यावर दिवे, कपडे धुण्याचे यंत्र आणि विजेची शेगडीसुद्धा. ज्या खेड्यांपर्यंत विजेचे खांब पोचणार नाहीत, तिथल्या शेतकऱ्याच्या घरी असे व्हावे, ही त्याची इच्छा. पवनचक्कीने बॅटऱ्या भरून चार-सहा घरांना वीज द्यायची, असा आराखडाही त्याने काढला होता. छपरावरची सौरपट्टी तेव्हा नव्हती. बाकी सारी मांडणी आजचीच.

या बॅटरीने एक कटू धडाही दिला. १५ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन गोदीत एका पाणबुडीत स्फोट झाला आणि काही माणसे मृत्युमुखी पडली. पाणबुडीत एडिसनच्या बॅटऱ्या होत्या. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू बंद जागेत कोंडला आणि ठिणगी पडली. एडिसनच्या मनाला ते फार लागले. बॅटरी कोणतीही असो, तिला मोकळी हवा हवी, हा तो धडा.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी चौऱ्याऐंशीव्या वर्षी एडिसन गेला. २१ तारखेला, दफनाच्या दिवशी, रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी दिवे मालवून त्याला मानवंदना देण्यात आली. दिव्याच्या जनकाला ती शोभलीही. त्याची बॅटरी मात्र पुढे चव्वेचाळीस वर्षे बनत राहिली. १९७२ मध्ये तो धंदा एक्साइड कंपनीने विकत घेतला आणि १९७५ मध्ये उत्पादन थांबवले. अशा बॅटऱ्या आजही जगात थोड्या प्रमाणात बनतात.

आपल्या घरचा हिशेब

मग आपण आपल्या घरासाठी कोणती बॅटरी घ्यावी? एडिसनच्या चरित्रातून याचे थेट उत्तर मिळत नाही, पण विचार कसा करावा हे मात्र कळते. त्याची बॅटरी वाईट नव्हती. ती ज्या कामासाठी केली त्या कामाला बसली नाही, आणि दुसऱ्या कामाला चपखल बसली. तेव्हा आधी काम ठरवावे.

पहिला प्रश्न, बॅटरी हवीच का? शहरात वीज क्वचितच जाते आणि छपरावरची जादा वीज मीटरमधून मंडळाला देता येते, अशा घराला बॅटरीवाचून चालते. २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेल्या सूर्यघर योजनेत बसणाऱ्या यंत्रणा बहुधा अशाच असतात. मात्र एक गोष्ट पुष्कळांना मागाहून कळते. बाहेरची वीज गेली की अशी यंत्रणाही बंद पडते, भर उन्हात सुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती तशी केलेली असते. वीज गेल्यावरही घर चालू ठेवायचे असेल, तर बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर हवा.

दुसरा प्रश्न, किती? कागद घेऊन बसावे. साधे तीन पंखे रात्री आठ तास चालले तर १.८ युनिट होतात. पाच दिवे पाच तास म्हणजे पाव युनिट, टीव्ही पाव युनिट, रात्रभरचा फ्रिज अर्धा युनिट धरला तर बेरीज २.८ युनिट भरते. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी, म्हणजे साठा ५.६ युनिटांचा लागेल. १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासांच्या एका ट्युब्युलर बॅटरीत १.८ युनिट मावतात. म्हणजे अशा तीनवर भागत नाही, चार घ्याव्या लागतात. लिथियमची ८० टक्क्यांपर्यंत उतरवली तरी चालते, तेव्हा साडेतीन युनिटांची पुरते. आकडा पाहून शिशाची स्वस्त वाटते ती अर्धी या हिशेबामुळेच.

तिसरा प्रश्न, किती वर्षे? शिशाची ट्युब्युलर बॅटरी रोज वापरात चार-सहा वर्षे निघते. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरावे लागते, पण ती कुठेही मिळते, दुरुस्त करणारा गल्लीत असतो आणि जुनी देऊन नवी घेताना मोड मिळते. ज्या घरी वीज महिन्यातून दोन-चारदाच जाते, त्यांना ती पुरेशी आहे. रोज रात्री बॅटरीवर राहायचे असेल, तर लिथियम-आयर्न-फॉस्फेट परवडते. ती दहा वर्षांच्या आसपास चालते, भरलेल्या विजेतील नव्वद टक्क्यांहून अधिक परत देते, आणि लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा तापून पेट घेण्याचा धोका तिच्यात कमी असतो. एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी सर्वांत दीर्घायुषी, पण महाग, पाणी फार पिणारी, आणि शंभर युनिट भरले तर पासष्टच्या आसपासच परत देणारी. छपरावर ऊन भरपूर आणि माणूस काळजी घेणारा असेल, तरच तिचा विचार करावा.

शिशाची बॅटरी जिथे ठेवाल तिथे खिडकी असू द्या. ती स्वयंपाकघरात गॅसजवळ नको आणि देवघरात समईजवळ तर नकोच. ब्रुकलिनच्या गोदीत मेलेल्या माणसांनी शिकवलेली गोष्ट आहे ही. आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानदारालाच परत करा. उघड्यावर शिसे वितळवणाऱ्या भट्टीच्या धुरात कुणाची तरी मुले श्वास घेत असतात.

लोखंडाच्या खाणीने एडिसनला बुडवले. लोखंडाच्या बॅटरीने सावरले. आज घरासाठी जी लिथियमची बॅटरी घ्या म्हणून दुकानदार सांगतो, तिच्या नावातही लोखंड आहेच. विक्रेता जेव्हा हमीचा कागद पुढे करील, तेव्हा त्याला एवढेच विचारावे, की बॅटरी चार महिन्यांत दमली तर तुम्ही काय कराल? १९०४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर एका माणसाने स्वतःचा कारखाना बंद करून दिले होते.